चांदीची बाजू

प्रिय कायसा,

पाकीट हाताला जड लागलं असेल. टपालाच्या बोटीतून बादलीत घालून वर ओढताना तुमच्या त्या टवाळ खलाशांनी म्हटलंही असेल, आला, स्वयंपाकीणबाईंच्या बापाचा आणखी एक दगड आला. म्हणू देत. पण पोरी, आत जे काही हाताला लागतंय ते आधी काढून बघू नकोस. आधी पत्र वाच, आणि मधलं गाळून शेवटावर उडी मारायची तुझी खोड आजच्या दिवस बाजूला ठेव. चुलीवर काही चढवलं असशील तर ते उतरव, मग बस.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. त्यात तू सरोवरावरच्या धुक्याचं लिहिलंस, लेकीच्या, हेल्मीच्या, हलणाऱ्या दाताचं विचारलंस, आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, "बाबा, तू हेल्मीला गाडीतून घेऊन फिरतोस, तुला सगळं नीट दिसतं ना?" जाता जाता कसलं! लहानपणापासून तुझं हेच. मनातलं मोठं असेल ते शेवटी विचारायचं, आणि विचारताना दुसरीकडे बघायचं. आईवर गेलीस. मी रोज कागद घेऊन बसायचो, दिसतं, ठणठणीत दिसतं, असं लिहायचो आणि फाडून शेगडीत टाकायचो. तू तिकडे बोटीवर उत्तराची वाट बघत जीव टांगणीला लावून बसली असशील हे कळत होतं. तरी हात पुढे जाईना. आज मात्र खरं ते लिहिणार आहे.

कागदाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक जाड लाल रेघ दिसतेय ना? ती हेल्मीने मारून दिलीय, माझ्यासाठी. प्रत्येक ओळ सुरू करायच्या आधी मला ती रेघ शोधायची असते. सापडेपर्यंत लिहायचं नाही, असा बाईसाहेबांचा हुकूम आहे. का, ते पुढे येईलच.

इकडे बाकी सगळं बरं आहे. बर्फ वितळून किनारा मोकळा झालाय, डास मात्र आत्तापासूनच चावायला लागलेत. हेल्मीचा दात पडला. तिने तो माझ्या गारगोट्यांच्या खोक्यात नेऊन ठेवलाय, खाली चिठ्ठी लावून: "सापडला त्या जागी: माझं तोंड." आता बोल! शनिवारी तौनोकडे सौना, वाफेची अंघोळ, असतेच. तौनो अजून तसाच, स्वतःच्या गारगोट्या माझ्यापेक्षा भारी आहेत असं वाफेत बसून सांगत असतो, कारण तिथे कुणी त्या तपासायला मागत नाही. मागच्या खेपेला मला म्हणतो कसा, "वायनो, दाढी अर्धीच का केलीस रे? साबण महाग झाला का?" सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन आरशात पाहिलं तर मला दाढी चांगली गुळगुळीत दिसत होती. म्हटलं, म्हाताऱ्याला वाफेत काहीबाही दिसतं.

आता मुळापासून सांगतो. फेब्रुवारीत मला झटका आला तेव्हा बोटी गोठून बंद होत्या, तू घरीच होतीस, म्हणून वाचलो. दवाखान्यात त्या उंच बाईने, हातापायांचे व्यायाम घ्यायची ती, मला पहिल्यांदा घड्याळ काढायला सांगितलं होतं ते आठवतं? मी बारापासून सहापर्यंत आकडे लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. झालं, म्हटलं. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. मला कळेना, एवढं काय झालं. बाईने मग समजावलं की डोळ्यांना काही झालेलं नाही, मेंदूच डावीकडे जायला विसरतोय. सराव केला तर पुष्कळसा परत येईल. घरी रोज काहीतरी बघून काढा, म्हणाली, फूल काढा, कपबशी काढा. मी म्हटलं, बाई, फुलं काढायचं माझं वय नाही, घरात चार भिंतींना लागून दगडांची खोकी आहेत, ती काय कामाची? तिलाही ते पटलं. तिथेच पहिली चूक झाली, पण ते तेव्हा ना तिला कळलं ना मला.

दुसरी चूक माझी एकट्याची. पुढच्या तपासणीला ती पुन्हा घड्याळ काढायला लावणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी घड्याळ पाठ केलं. सातनंतर आठ येतो, नऊ येतो, कागद जरा फिरवून धरायचा, हे सगळं शाळेतल्या पोरासारखं घोकलं. दवाखान्यात झोकात काढून दाखवलं. बाई खूश, तू खूश. तू जाताना हेल्मीला माझ्यापाशी ठेवलंस ती त्या घड्याळाच्या भरवशावर. घड्याळ पाठ करता येतं ग, कारण ते कसं असायला हवं हे साऱ्या जगाला माहीत असतं. दगड कसा असायला हवा, हे कुणाला माहीत असतं?

आणि दगड काढण्यात मला खरंच गोडी लागली, ते खोटं नव्हतं. सकाळी कॉफी आणि गोड निसू-पावाचा तुकडा झाला की एक खोकं उघडायचं. दगड हातात घेतला की आपल्याकडे काय करतात? चाटतात. कोरडी गारगोटी बघून तिचं रूप कळतं का कधी! जीभ लावली की आतल्या लाल पांढऱ्या रेघा वर येतात. पण चित्र काढायला लागलं की पंचाईत, कारण काढता काढता दगड वाळतो. अर्धं चित्र ओल्या दगडाचं आणि अर्धं कोरड्याचं. मग पुन्हा चाटा. हेल्मी म्हणते, "आजोबा, तुझं जेवणच होत असेल ह्यात." शेवटी मी पाण्याची वाटी शेजारी ठेवायला लागलो. हिरव्या खड्यांवरची कासवाच्या पाठीसारखी नक्षी काढताना तर दुपार कधी व्हायची ते कळायचं नाही. हात स्थिर झाला, रेघ बारीक झाली. तुला पाठवलेलं चित्र तू बोटीच्या स्वयंपाकघरात भिंतीला लावलंस आणि लिहिलंस की कप्तान विचारत होता, हा चित्रकार कोण? मी ते पत्र तौनोला दोनदा वाचून दाखवलं. तो जळून खाक झाला.

पण बाकी काहीबाही होत होतं. जेवताना मी ताट संपवायचो आणि हेल्मी ताट गरकन फिरवायची, की मांस-सलगम भरलेली अर्धी पास्टी पुन्हा समोर! मला वाटायचं कार्टी स्वतःच्या ताटातलं माझ्या ताटात ढकलते, सलगम नको असतं म्हणून. मी तिला रागावलोही. गाडीचा डावा आरसा एक दिवस तुटलेला दिसला, तो मी बर्फ काढणाऱ्या गाडीच्या नावावर खपवला. कोटाच्या दोन्ही बाह्यांत हात घातले की नाही असल्या गोष्टी काय कुणी मोजत बसतं? म्हातारपण, म्हटलं. आता हे एका ओळीत लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटतेय, पण तेव्हा ते एका ओळीत आलं नव्हतं ग, सुटं सुटं आलं होतं.

मग मे महिन्यात ती गोष्ट झाली. तुला कुणी सांगितलेली नाही, मीच सांगतो. दुकानातून दूध आणि पीठ घेऊन निघालो होतो, हेल्मी मागच्या सीटवर. मोठ्या रस्त्याला लागायचं होतं. मी दोन्हीकडे पाहिलं. शपथेवर सांगतो, मी दोन्हीकडे पाहिलं असंच मला वाटलं. गाडी पुढे घेतली आणि असा काही भोंगा वाजला की माझ्या काळजाचं पाणी झालं. लाकडाने भरलेला ट्रक होता. तो ब्रेक दाबत, करकचत माझ्या दाराशी येऊन थांबला. माझ्या दाराशी, कायसा. डावीकडून. मी खिडकीतून त्याला शिव्या घातल्या, चांगल्या फिनिश शिव्या, आणि निघालो. मागून हेल्मी म्हणाली, "आजोबा, तुला तो ट्रक दिसला नव्हता का?" मी म्हटलं, "दिसला होता की. त्याचीच चूक." घरी येऊन बघतो तर दुधाची बाटली तिने दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवलेली, सोडायला तयार नाही.

त्या दिवसानंतरही गाडी चालवायचो, पण मान सारखी फिरवत, कपाळाला घाम. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता भोंगा वाजतो. तरी चालवायचो. कारण ज्या दिवशी मी चालवत नाही असं म्हणेन त्या दिवशी पुढचं सगळं सुरू होईल, हे मी आमच्या गल्लीत पाहिलंय. आधी गाडी जाते. मग एकट्याने कसं जमेल असं लोक म्हणायला लागतात. मग घर, मग खोक्यातले दगड अंगणात विकायला मांडून किमतीच्या पाट्या लावतात. आणि तू? तू बोट सोडून येशील, ज्या कामासाठी इतकी धडपडलीस ते सोडून येशील, नाहीतर हेल्मीला तिच्या बापाच्या आईकडे विस्कॉन्सिनला पाठवशील. मला भीती वाटत होती, पोरी. मरणाची नाही, ह्याची. म्हणून मी स्वतःला सांगायचो की माझे दगड बघा, माझी रेघ बघा, असा हात आणि असा डोळा असलेल्या माणसाला काय झालंय?

तर गेल्या आठवड्यात दिवसभर पाऊस होता, आणि हेल्मीने आमचा खेळ मांडला. हा खेळ आम्ही वसंतापासून खेळतो. मी काढलेली चित्रं जमिनीवर पसरायची, आणि खोक्यांतून त्या त्या चित्राचा दगड तिने शोधून आणायचा. पोर भलतीच तरबेज आहे, मला फार कौतुक. त्या दिवशी मी पहिल्यांदाच ती शोधते कशी हे बघत बसलो. ती एकेक दगड उचलायची, डोळ्यांसमोर धरायची आणि त्याच्या अर्ध्या भागावर अंगठा ठेवायची. मग चित्राकडे बघायची. जुळलं तर आणायची. मी विचारलं, "हे अंगठ्याचं काय ग?" ती सहज म्हणाली, "तू अर्धाच काढतोस ना, म्हणून मी अर्धा झाकते. नाहीतर सापडतच नाही." मी म्हटलं, "कोण म्हणतं मी अर्धा काढतो?" तिला वाटलं मी चेष्टा करतोय. म्हणाली, "आजोबा, तोच तर खेळ आहे! तू लपवायचं आणि मी ओळखायचं."

मी उठून कपाटातून आपला दुरंगी काढला. तुझ्या आजोबांनी खाणीतून जेवणाच्या डब्यात, पास्टीखाली दडवून आणलेला तो. तांबं आणि चांदी एकाच ढेकळात, एकमेकांना चिकटून, पण एकमेकांत न मिसळलेली. त्याच्यासारखे दुरंगी आता मिळत नाहीत. आणि तुला आठवत असेल, लग्न झाल्यावर मी तो तुझ्या आईला, सेन्याला, दाखवला तेव्हा ती काय म्हणाली होती. "वायनो, तांबं तू. लवकर तापतोस आणि लवकर काळा पडतोस. चांदी मी." जन्मभर चिडवत राहिली. ती गेल्यापासून मी तो बाहेर काढला नव्हता, काढवतच नव्हता. तो एकाच अंगावर नीट बसतो, आणि तसा बसवला की चांदी डावीकडे येते.

मी तो टेबलावर ठेवला आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसलो. मुद्दाम वेळ घेतला. प्रत्येक खाच काढली, हिरवा गंज काढला, डोळ्यांत तेल घालून काढलं. पुरं झाल्यावर पाहिलं तर सुंदर झालं होतं, भरीव, काही कमी नाही. हेल्मी खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "आजोबा, आजीची बाजू कुठाय?"

मला वाटलं, ही थट्टा करतेय. मग माझं लक्ष पेन्सिलींकडे गेलं. करड्या पेन्सिलीचं टोक नवंकोरं होतं. मी ढेकूळ हाताने धरून उलट फिरवलं, पाडून ठेवलं, तर आली की चांदी! लख्ख चांदी. पण आता तांबं नाही. पुन्हा फिरवलं, तांबं आलं आणि चांदी गेली. किती वेळ मी ते वेड्यासारखं फिरवत होतो कोण जाणे. आम्ही दोघं एकत्र येतच नव्हतो, कायसा. सेन्या गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, निदान कुणाच्या देखत तरी नाही. त्या दिवशी पोरीसमोर टेबलावर डोकं ठेवून रडलो. ती बिचारी घाबरली, म्हणाली, "आजोबा, खेळ नको असेल तर नको खेळू या." तेव्हा मला तो ट्रक दिसला. आठवला नाही, दिसला. इतके दिवस मी त्या ट्रकवाल्याला शिव्या देत होतो, आणि तो कुठून आला हे मला ठाऊकच नव्हतं. आपली हेल्मी माझ्या मागे बसलेली होती. तिच्या अंगावर ओरखडा उठला असता तरी मी तुला कुठल्या तोंडाने लिहिलं असतं?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करून त्या उंच बाईला सगळं सांगितलं, पाठ केलेल्या घड्याळासकट. ओरडेल वाटलं होतं, पण ती म्हणाली, "वायनो, घड्याळ पाठ करणारे मला पुष्कळ भेटलेत. दगड काढून मला फसवणारे तुम्ही पहिलेच." पुन्हा येऊन दाखवायला सांगितलंय. लाल रेघेची युक्ती तिचीच. सगळं परत येईल असं ती म्हणाली नाही, येणारच नाही असंही म्हणाली नाही. हेल्मीला मी समजावलं की तो खेळ नव्हता, आजोबांच्या डोक्यातला डावा रस्ता बर्फाने बुजलाय. ती म्हणाली, "मग मी फावडं आहे." आता सारखी कुठून तरी ओरडत असते, "आजोबा, डावीकडे!" मी जेवतानाही आणि दगड काढतानाही. तौनोला सांगितलं. मला वाटलं होतं टिंगल करेल. त्याने नाक शिंकरलं आणि म्हणाला, दुकानात न्यायचं, दवाखान्यात न्यायचं, पोरीला किनाऱ्यावर न्यायचं, मी नेईन. त्याची गाडी म्हणजे बैलगाडी, मागे अर्धा गाव भोंगे वाजवत असतो. पण त्याला दोन्ही बाजू दिसतात. हेल्मी माझ्यापाशी राहावी की नाही, आणि तू बोट सोडावीस की नाही, हे आता तुझं तू ठरव. मी काही मागणार नाही. मागावंसं फार वाटतंय, ते मात्र लपवत नाही.

आता पाकिटातलं बाहेर काढ. दगड नाहीये. गाडीच्या दोन्ही किल्ल्या आहेत, रोजची आणि ती शेगडीमागच्या खिळ्यावरची. तौनोकडे ठेवता आल्या असत्या, पण तौनोकडून मी चार दिवसांत गोड बोलून परत आणल्या असत्या, मी मला ओळखतो. भर सरोवरातून मला त्या आणता येणार नाहीत. तू विचारलं होतंस ना, बाबा तुला सगळं नीट दिसतं ना? नाही दिसत, पोरी. हे एवढंच लिहायचं होतं, त्याला इतके दिवस लागले. किल्ल्या ज्या कागदात गुंडाळल्यात तो फेकू नकोस. त्यावर दुरंगी आहे. तांब्याची बाजू मी काढलीय, चांदीची हेल्मीने. कागद फिरवून फिरवून मी दोन्ही पाहिल्या, पण एका वेळी एकच. तू तो भिंतीला लाव, जरा लांब उभी राहा आणि मला कळव, आम्ही दोघं शेजारी शेजारी बरे दिसतो का.

तुझाच,
तापट, तांब्याचा
बाबा